‘इम्पोर्टेड, हँडमेड’ लाकडी खेळणं घेण्याआधी

गेल्या दिवाळीत बेळगावातल्या एका प्रदर्शनातून मी धाकट्या बहिणीच्या सात महिन्यांच्या बाळासाठी लाकडी खुळखुळा घेतला. गुळगुळीत, हातात धरायला छान, लाल-पिवळे मणी बसवलेला. पुठ्ठ्यावर ‘इम्पोर्टेड’, ‘हँडमेड’, ‘नॉन-टॉक्सिक’ असे तीन शब्द आणि किंमत ८५० रुपये. चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला, “ताई, बाळाच्या ओठाला लाल लागलंय गं. मला आधी रक्तच वाटलं.” रक्त नव्हतं, रंग होता. मी जाऊन तो खुळखुळा हातात घेतला आणि टोकाचा मणी पिळला, तर तो अर्ध्या फेऱ्यातच निघून आला. हरभऱ्याहून मोठा, बोराहून लहान. बाळाच्या घशात अडकायला अगदी नेमक्या मापाचा.

डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठीक होतं. तक्रार कुणाकडे करायची म्हणून मी पुठ्ठा उलटून पाहिला, तर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आणणाऱ्याचा पत्ता. बिल तर मी मागितलंच नव्हतं. अनगोळात मी छोटी बालवाडी चालवते, खेळणी निवडणं हे माझं रोजचं काम, आणि तरी हे माझ्या हातून झालं. त्यानंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला. आपल्याकडच्या आई-बाबांना आणि घरून खेळणी विकणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

नियम काय आहे आणि तो कुठे अडतो

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे खेळणं, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोचं म्हणजे बीआयएसचं आयएसआय चिन्ह हवं. खेळणं बेळगावात बनलेलं असो, चीनमध्ये असो वा जर्मनीत, नियम एकच. बिनविजेच्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३. त्याच्या पहिल्या भागात तुटणं, टोचणं, अडकणं यांच्या चाचण्या आहेत, दुसऱ्यात पेट घेण्याच्या, आणि तिसऱ्यात रंगातून वा लाकडातून शिसं, कॅडमियम, पारा असे घटक किती सुटतात याच्या. विजेच्या खेळण्यांचं मानक वेगळं, आयएस १५६४४.

याला कारणही तसंच होतं. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळणी घेऊन तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली आणि दोन प्रकारच्या खेळण्यांना आयएसआयमधून सूट मिळाली. एक, केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेली. दोन, भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाची सरकारी नोंद) मिळालेली खेळणी, तीही त्या मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने किंवा अधिकृत वापरकर्त्याने बनवून विकलेली.

आता ‘इम्पोर्टेड हँडमेड’ या शब्दांकडे परत या. परदेशातल्या कारागिराची आपल्या हस्तशिल्प आयुक्तांकडे नोंदणी नसते, म्हणून ‘हाताने बनवलंय’ या कारणाने त्याला सूट नाही. आणि आयएसआयचा परवाना आणणाऱ्याला मिळत नाही, खेळणं बनवणाऱ्याला मिळतो, तोही ते जिथे बनतं त्या जागेसाठी. बीआयएसचे अधिकारी परदेशात जाऊन कारखाना तपासतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. मोठ्या कारखान्याला हे परवडतं. चार माणसांच्या कार्यशाळेला, जी वर्षाला दोन-तीनशे खेळणी बनवते, तिला हा खर्च झेपणारा नाही. म्हणून आपल्या बाजारात ‘परदेशी आणि हस्तकलेचं’ म्हणून जे दिसतं, त्यातलं कायद्याने नीट आलेलं फार थोडं असतं. बाकीचं एक तर कारखान्यातलं असतं, किंवा परदेशी नसतं, किंवा कागदाशिवाय आलेलं असतं. दुकानात उभं राहून यातलं कोणतं ते ओळखायचं आहे.

पायरी १: आधी डबा उलटा करा

बंद डब्यात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापन म्हणजे वजन-मापांच्या नियमांनुसार सक्तीचं आहे. ऑनलाइन विक्रीतसुद्धा मूळ देश दाखवावा लागतो. या पाचातलं एक जरी नसेल तर मी खेळण्याच्या रंगरूपाकडे बघायलाही थांबत नाही. ‘युरोपियन डिझाइन’, ‘जर्मन बीचवुड’ हे शब्द मूळ देश सांगत नाहीत. लाकूड एका देशाचं, डिझाइन दुसऱ्याचं आणि खेळणं तिसऱ्याच देशात बनलेलं असू शकतं.

आणखी एक शब्द शोधा, ‘शोपीस’. डब्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘केवळ सजावटीसाठी’ असं असेल तर ती वस्तू खेळणं म्हणून तपासलेलीच नाही. दिवाणखान्यात ठेवायला हरकत नाही, पण बाळाच्या हातात देऊ नका.

पायरी २: आयएसआय चिन्ह वाचायला शिका

नुसतं चिन्ह दिसलं म्हणून समाधान मानू नका. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. लाकडी खेळण्यावर तो आयएस ९८७३ असायला हवा. १५६४४ दिसला तर ते चिन्ह विजेच्या खेळण्याचं आहे आणि साध्या लाकडी गाडीवर त्याचं काही काम नाही. चिन्हाच्या खाली सीएम/एल या इंग्रजी अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो.

तो क्रमांक फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये ‘व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स’ या पर्यायात टाका. परवाना कुणाच्या नावावर, कारखाना कुठे, ब्रँड कोणता, मुदत कधीपर्यंत, हे सगळं समोर येतं. ते डब्यावरच्या मजकुराशी जुळवून पाहा. डब्यावर ‘मेड इन व्हिएतनाम’ आणि परवान्यावर भारतातल्या दुसऱ्याच राज्यातला कारखाना असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे. हे सगळं खडे बाजारातल्या गर्दीत उभं राहूनही दोन मिनिटांत होतं.

एका दुकानात माझं झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगते.

“काका, यावर आयएसआय दिसत नाही.”

“अहो ताई, फॉरेनचं आहे हे. त्याला आपलं आयएसआय कशाला? सीई आहे बघा.”

काका मनापासून बोलत होते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण सीई हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे. बहुतेक खेळण्यांवर ते उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, कुठलंही सरकारी कार्यालय ते तपासून देत नाही. खरोखर युरोपच्या ईएन ७१ या खेळण्यांच्या मानकाप्रमाणे चाचणी केलेली असेल तर खेळणं चांगलं असण्याची शक्यता वाढते, हे मान्य. पण भारतात विकायला ते आयएसआयच्या जागी चालत नाही. अमेरिकेचं प्रमाणपत्रही चालत नाही.

पायरी ३: आयएसआय नसेल तर सुटीचा कागद मागा

आपल्या सीमाभागातून तिन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची गावं आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं गोकाक लाकडी फळं-भाज्या आणि रंगीत खेळण्यांसाठी ओळखलं जातं. आंबोली घाट उतरलं की सावंतवाडीची चितार आळी, तिथली पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आणि भातुकली. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टण तर भौगोलिक मानांकन मिळालेलं. या कारागिरांच्या खेळण्यावर आयएसआय नसलं तर लगेच संशय घेऊ नका, कारण सूट त्यांच्यासाठीच आहे.

पण सूट आपोआप मिळत नाही. नोंदणी केलेल्या कारागिराकडे हस्तशिल्प आयुक्तांचं ‘पहचान’ ओळखपत्र असतं. विचारलं तर कारागीर ते आनंदाने दाखवतो, असा माझा अनुभव आहे. आदेशातले शब्द ‘बनवून विकलेली’ असे आहेत, म्हणून शक्यतो कारागिराकडून, त्याच्या सहकारी संस्थेकडून किंवा कर्नाटक हस्तशिल्प महामंडळाच्या ‘कावेरी’ दालनातून घ्या. ‘चन्नपट्टण स्टाइल’ असं लिहिलेलं खेळणं चन्नपट्टणचं असतंच असं नाही.

सूट म्हणजे चाचणीतून सूट. रंग सुरक्षित असल्याची ती हमी नाही, म्हणून रंग कोणता ते विचारा. चन्नपट्टणच्या जुन्या पद्धतीत कातावर, म्हणजे लेथवर, फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. लाकूड पांढरट, कुड्याच्या जातीचं. रंग हळदीचा, विड्याच्या काताचा, निळीचा. अशा खेळण्याला हात लावला की कळतं, लाख लाकडाशी एकजीव झालेली असते आणि नखाने खरवडून पापुद्रा निघत नाही. ब्रशने ऑइलपेंट मारलेल्या खेळण्यावर रंगाचा थर वेगळा जाणवतो आणि टोकांवर आधी उडतो. दोन्ही प्रकार एकाच गावात, कधी एकाच दुकानात मिळतात. शोभेच्या फळांना ब्रशचा रंग चालेल, तोंडात घालणाऱ्या बाळाला नको.

पायरी ४: घरी करायची तपासणी

कागद सगळे नीट असले तरी ही तपासणी मी चुकवत नाही. साहित्य घरातलंच.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटा होणारा कोणताही भाग ३१.७ मि.मी. व्यासाच्या नळीत पूर्ण मावता कामा नये, असं मानक सांगतं. ती नळी घरी करता येते. जाड कागदाची ११ सें.मी. लांब आणि ५.७ सें.मी. रुंद पट्टी कापा, एक सें.मी. टोकावर टोक चढवून चिकटवा. आत १० सें.मी. घेर उरतो, म्हणजे व्यास ३१.८ मि.मी. मानकातली नळी तळाशी तिरपी असते, आपली सरळ, म्हणून आपली परीक्षा थोडी कडकच होते. मणी, चाक, खुंटी, डोळ्याचं बटण, जे निघू शकेल ते दाबाशिवाय आत सोडा. पूर्ण मावलं तर ते खेळणं त्या वयासाठी नाही. माझ्या खुळखुळ्याचा मणी या नळीत टणकन खाली गेला होता. चेंडूसाठी माप आणखी मोठं, ४४.५ मि.मी. त्यासाठी १४ सें.मी. घेराची कडी करा. चेंडू त्यातून आरपार गेला तर तो तीन वर्षांखाली नको.

मग प्रत्येक भाग ओढा आणि पिळा. प्रयोगशाळेत सुमारे ७ किलो वजनाइतका ताण देतात, त्यामुळे हात आखडू नका. दुकानात चाकं पिळून बघताना दुकानदाराला आवडत नाही, पण बाळ तर दातांनी ओढणार आहे.

रंगासाठी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा कोमट, किंचित मिठाच्या पाण्यात भिजवून प्रत्येक रंगावर वीस वेळा घासा. कापडाला रंग लागला तर खेळणं परत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: कापड पांढरं राहिलं म्हणजे रंगात शिसं नाही असं होत नाही. शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. मानकाच्या तिसऱ्या भागात सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोला ९० मिलिग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी माहीत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणूनच मी पायरी २ आणि ३ वर एवढा जोर देते. आयएसआय नाही, कारागीरही माहीत नाही आणि रंग मात्र चकचकीत, असं खेळणं घेऊच नका. अगदीच आवडलं तर बिनरंगी लाकडाचं घ्या.

‘लाकडी आहे ना, मग सुरक्षितच’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. २००७ मध्ये अमेरिकेत चीनमध्ये बनलेली सुमारे १५ लाख लाकडी आगगाडीची खेळणी शिशाच्या रंगामुळे बाजारातून परत घ्यावी लागली होती. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर तिथे २००८ मध्ये कडक कायदा आला. त्याचा फटका उलट्या बाजूलाही बसला. सेलेक्टा या लाकडी खेळणी बनवणाऱ्या जर्मन कंपनीने चाचण्यांच्या खर्चामुळे अमेरिकेतली विक्रीच थांबवली, आणि छोट्या उत्पादकांना थोडी सवलत देणारी दुरुस्ती २०११ मध्ये करावी लागली. आपल्याकडे कारागिरांना सूट काही महिन्यांतच मिळाली, हे चांगलं झालं असं मला वाटतं. नाहीतर गोकाक आणि चन्नपट्टणचे कात थांबले असते.

उरलेलं झटपट. कडा आणि कोपरे गालावरून फिरवून बघा, बोटांपेक्षा गालाला कूस लवकर कळते. दीड वर्षांखालच्या बाळाच्या खेळण्याला २२ सें.मी.हून लांब दोरी नको, गळ्यात फास बसतो. कापलेली कड बघा: भुसा दाबल्यासारखी दिसली आणि डबा उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते लाकूड नव्हे, भुसा दाबून बनवलेलं एमडीएफ आहे.

आपल्या हवेसाठी एक वेगळी सूचना. बेळगाव-खानापूरचा पाऊस लाकडात मुरतो. आषाढात लाकूड फुगतं, फाल्गुन-चैत्रात सुकून आक्रसतं, आणि दिवाळीत घट्ट असलेली खुंटी होळीला हलायला लागते. कोरड्या देशात बनलेल्या खेळण्यांत हे जास्त दिसतं. बालवाडीतली सगळी खेळणी मी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि होळीनंतर, पुन्हा ओढून-पिळून बघते. गेल्या होळीनंतर एका पांगुळगाड्याचं चाक असंच हातात आलं.

पायरी ५: परदेशातून मागवताना आणि कुणी आणताना

दुबईहून दीर किंवा जर्मनीहून भाची घरी येताना आपल्या मुलांसाठी दोन-चार खेळणी सामानातून आणते, ते घरगुती सामान आहे. तिथे अडचण येत नाही, फक्त पायरी ४ करा.

पार्सलची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने वा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल आणण्यावर बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद, बाकी पूर्ण शुल्क भरून. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसणारं खेळणं दारात येईपर्यंत बरंच महाग पडू शकतं, आणि आयएसआय नाही म्हणून कस्टम्समध्ये अडकलं तर पैसे आणि खेळणं दोन्ही जातात. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न लिहून विचारा: तुमच्याकडे बीआयएसचा परवाना आहे का, क्रमांक काय? उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

गोव्याच्या बाजारात पर्यटकांसाठी मांडलेली परदेशी खेळणी चोर्ला घाटातून आपल्याकडे येतात. त्यांनाही हाच नियम लागू. गोव्यात मिळालं म्हणून ते वेगळं ठरत नाही.

पायरी ६: तुम्ही विकत असाल तर

टिळकवाडी, शहापूर, निपाणीत कितीतरी बायका आता घरून, इन्स्टाग्रामवर मुलांच्या वस्तू विकतात. त्यांच्याविषयी मला फार आपुलकी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आयएसआय नसलेली परदेशी खेळणी तीस नग आणून विकणं हा बीआयएस कायदा २०१६ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. जानेवारी २०२३ च्या आसपास बीआयएसने देशभरातल्या मोठ्या दुकानांतून सुमारे १८,६०० खेळणी जप्त केली, तेव्हा मॉलमधली नामांकित दुकानंसुद्धा सुटली नाहीत. ‘मी फक्त पुढे पाठवते’ हे कारण चालत नाही, विकणं आणि विक्रीसाठी साठवणं दोन्ही त्यात येतं.

घाऊक विक्रेत्याकडून माल घेताना बिलावर परवाना क्रमांक लिहून घ्या. नाहीतर नोंदणीकृत कारागिराशी जोडून घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि त्याच्याच नावाने खेळणं विका. गिऱ्हाइकाला ते जास्त आवडतं, हे मी बघितलंय.

पायरी ७: फसवणूक झाली तर

बिल, डबा, खेळणं आणि सुटलेला तुकडा, सगळं जपून ठेवा. खेळणं धुऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालेल. बीआयएस केअर ॲपमध्येच बिनचिन्हाच्या वा खोट्या चिन्हाच्या मालाची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथून काम झालं नाही तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाला शुल्क लागत नाही.

आणि बाळाने रंग चाटला असेल, तुकडा गिळला असल्याची शंका असेल, तर तक्रारीचं नंतर बघा. आधी डॉक्टर, आणि सोबत ते खेळणं घेऊन जा, म्हणजे त्यांना तुकड्याचं माप आणि रंग प्रत्यक्ष दिसतो.

रंग उडालेलं जुनं खेळणं घरी रंगवायचं असेल तर दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट वापरू नका. पॉलिश कागदाने घासायचीही घाई नको, जुन्या रंगात शिसं असेल तर ती धूळ बाळाच्या श्वासात जाते. रंग कसला ते माहीत नसेल तर असं खेळणं टाकूनच द्या. बिनरंगी लाकूड असेल तर खाण्याच्या जवसाच्या तेलाचा आणि मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या, आठ दिवस सावलीत सुकवा आणि मग ते बाळाच्या हाती द्या.